धुरातली काळी भुकटी

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. इथले कुंकू दूरदूरच्या बाजारांत जाते. कुंकू चांगले की वाईट, हे कसे ओळखतात? बोटाच्या चिमटीत धरून. चांगले कुंकू वस्त्रगाळ असते. ते चिमटीत खरखरत नाही. भुकटी जेवढी बारीक, तेवढी ती कपाळाला घट्ट धरून बसते.

या धड्यात आम्ही अशाच एका भुकटीची माहिती देणार आहोत. ती कुंकवाहून कितीतरी बारीक आहे. तिचा रंग काळा आहे. ती कपाळाला नव्हे, तर आपल्या फुप्फुसांना धरून बसते. ती कुणी विकत घेत नाही, पण डिझेलच्या पैशातून ती आपल्या घरात येते. ही भुकटी म्हणजे इंजिनाच्या धुरातली काजळी.

इंजिनावाचून आज शेती होत नाही. ट्रॅक्टर, उसाची मालमोटार, टँकर, एस. टी., वीज गेल्यावर चालणारा पंप, रसवंतीचे इंजिन, सगळीकडे इंजिन आहे. म्हणून इंजिन वाईट, ते टाकून द्या, असे आम्ही सांगणार नाही. इंजिनाचा धूर कशाने होतो, तो कमी कसा करावा आणि त्यापासून जीव कसा जपावा, एवढेच या धड्यात सांगायचे आहे.

केमच्या रुळावरची तीन इंजिने

केमचे स्टेशन मुंबई-सोलापूर लोहमार्गावर आहे. १८६० साली या मार्गाने आगगाडी सोलापूरला पोचली. तेव्हा इंजिन कोळशावर चालत असे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर चाके फिरवायची. इंजिनातून काळा धूर आणि ठिणग्या उडत. डब्याच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत कोळशाची कच जाई. प्रवासाहून आलेल्या माणसाचा सदरा बघूनच तो आगगाडीने आला, हे कळे.

पुढे डिझेलची इंजिने आली. कच गेली, ठिणग्या गेल्या. पण धूर पुरता गेला नाही. मालगाडी जड असली आणि इंजिनाने जोर लावला की वर काळा लोट उठे.

आता त्या मार्गावर विजेच्या तारा आहेत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' गाडी सुरू झाली. ती याच मार्गाने विजेवर धावते. तिच्या टपावर धुराचे नळकांडे नाही.

मग धूर कुठे गेला? तो अगदी नाहीसा झाला, असे मात्र समजू नका. वीज पुष्कळशी कोळसा जाळूनच तयार होते. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे एन. टी. पी. सी. चे १३२० मेगावॉटचे वीज केंद्र आहे. ते कोळशावर चालते. फरक इतकाच की तिथे उंच धुराडे असते आणि धुरातली राख पकडण्याची मोठी यंत्रे बसवता येतात. शेकडो इंजिनांचा धूर शेकडो दारांत पकडण्यापेक्षा एका ठिकाणी पकडणे सोपे. आणि सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून वीज केली, तर जाळण्याचा प्रश्नच उरत नाही.

डिझेलचे इंजिन कसे चालते?

डिझेल हे एका माणसाचे नाव आहे. रुडॉल्फ डिझेल हे जर्मन यंत्रज्ञ होते. त्यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. आपल्या इंजिनाचे नीट चालणारे रूप त्यांनी १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी तयार केले. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. तिची इंजिने महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर जाऊन बसली.

या इंजिनाची युक्ती समजून घ्या. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला फार जोराने दाबतो. सोळा-अठरा भांड्यांत मावेल एवढी हवा एका भांड्यात कोंबली जाते. ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. काडी ओढावी लागत नाही आणि पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगीही लागत नाही. हा फवारा ज्यातून सुटतो त्याला नोझल म्हणतात.

आता धूर कुठून येतो ते पाहा. फवाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला भरपूर हवा मिळते. तिथे डिझेल चांगले जळते. पण फवाऱ्याच्या पोटात हवा कमी पडते. तिथे उष्णता तर आहे, पण हवा नाही. अशा ठिकाणी डिझेल पुरते जळत नाही. त्यातला कोळसा, म्हणजे कार्बन, बारीक कण होऊन सुटा होतो. त्यातला बराचसा पुढे हवा मिळाल्यावर जळून जातो. जो उरतो तो धुराबरोबर बाहेर पडतो.

आमच्या आया-बहिणींना हे नवे नाही. दिव्याच्या ज्योतीवर तांब्याची वाटी पालथी धरून काजळ धरतात. ज्योतीला हवा कमी पडली की वाटीला काळे धरते. कंदिलाची वात फार वर केली की काच काळी होते. तेलाचे आणि हवेचे माप चुकले की काजळी होते. दिव्याला जो नियम, तोच इंजिनाला.

हे कण किती बारीक?

पट्टीवर एक मिलिमीटरची खूण असते. त्या एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.

हवेत उडणाऱ्या कणांची दोन मापे सरकारी कागदांत येतात. १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पी. एम. १० म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पी. एम. २.५ म्हणतात. डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने बसतील.

आता कुणी आबा विचारतील, "अहो, एवढासा कण तो माणसाचं काय वाकडं करणार? शेतात आम्ही रोज धूळ खातो."

आबांचा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर असे. शेतातली जाडी धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते. आपण शिंकतो, खाकरतो, ती बाहेर पडते. देवाने नाकाला चाळण दिली आहे. पण बारीक कण या चाळणीतून निसटतात. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे हवेचे लहान लहान फुगे असतात. त्या फुग्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. त्यांतूनच प्राणवायू रक्तात जातो. काजळीचे कण तिथे जाऊन बसतात. त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरू शकतात.

शिवाय काजळीचा कण एकटा नसतो. कोळसा वास शोषून घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचप्रमाणे न जळलेले डिझेल, वंगण आणि कितीतरी विषारी द्रव्ये त्या कणाला चिकटून आत जातात.

जगातल्या आरोग्य संघटनेची कर्करोगाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. डिझेलच्या धुराने माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्णय तिने जून २०१२ मध्ये जाहीर केला. एकदा धूर लागला की रोग झालाच, असा त्याचा अर्थ नाही. पण वर्षानुवर्षे धुरात काम करणाऱ्याला धोका वाढतो. दमा बळावतो. हृदयाचे आजार वाढतात. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्रास अधिक होतो.

"आमच्या बापजाद्यांनी चुलीचा धूर खाल्ला, त्यांना कुठं काय झालं?" असेही कुणी म्हणेल. झाले होते, पण त्याला नाव नव्हते. म्हातारपणी छातीत कफ भरे, दम लागे, आजी ओट्यावर बसून रात्र काढी. घरचे म्हणत, वय झाले. त्यातला पुष्कळ भाग चुलीच्या धुराचा होता. चुलीचा धूर आणि इंजिनाचा धूर हे एकाच जातीचे. दोन्ही कमी केले पाहिजेत.

आपल्या देशात २००९ साली हवेचे नियम ठरले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या हवेत पी. एम. २.५ चे कण दिवसभराच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असा नियम आहे. ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली यासाठी १५ चे माप सांगितले. २०१९ साली केंद्र सरकारने हवा शुद्ध करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा नियमात बसत नाही त्यांची यादी त्यात आहे. त्या यादीत आपल्या सोलापूर शहराचेही नाव आहे.

धुराचा रंग काय सांगतो?

वैद्य जीभ पाहून पोटातले ओळखतो. तसे धुराचा रंग पाहून इंजिनाचे पोट ओळखता येते.

काळा धूर. डिझेल जास्त होते आहे किंवा हवा कमी पडते आहे. हवेची गाळणी, म्हणजे एअर क्लीनर, धुळीने तुंबली असेल. नोझल झिजले असेल, त्यातून फवारा न निघता धार लागत असेल. किंवा इंजिनावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे असेल. दोन ट्रॉल्या ऊस भरून चढावर ट्रॅक्टर काळा लोट सोडतो, तो याच कारणाने.

निळसर धूर. इंजिनातले वंगणाचे ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. असे इंजिन ऑइल पिते. मिस्त्रीला दाखवा.

पांढरा धूर. थंडीत सकाळी इंजिन चालू करताना थोडा वेळ पांढरा धूर येतो. तो इंजिन तापले की थांबतो. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे.

काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल. ते आपण पैसे देऊन आणलेले असते. "धूर जास्त म्हणजे इंजिन जोरदार," असे काही पोरे समजतात. ते चूक आहे. चांगले जळणाऱ्या चुलीला धूर नसतो. चांगल्या इंजिनाचेही तसेच.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. धूर दिसत नाही म्हणजे कण नाहीतच, असे नाही. सगळ्यांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून धूर दिसला नाही तरी चालू इंजिनाच्या नळकांड्याशी तोंड नेऊ नये.

विहिरीत इंजिन सोडू नका

आता सांगतो ते नीट वाचा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पंप फार खोलातून पाणी ओढू शकत नाही. फार तर वीस-पंचवीस फुटांवरून ओढतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते. मग काही लोक इंजिनच दोराने विहिरीत उतरवतात आणि टप्प्यावर बसवून चालू करतात. यात माणसे मरतात. एक माणूस मरत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा उतरतो आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात.

हे का होते? इंजिनाच्या धुरात काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. माणसाला गरगरते, डोके दुखते, हातपाय लुळे पडतात. दोर धरून वर येण्याची ताकद राहत नाही. शिवाय इंजिन विहिरीतला प्राणवायूही खाऊन टाकते. विहिरीत वारा नसतो. धूर तिथेच साठतो. हवा कमी झाली की इंजिन आणखी वाईट जळते आणि विष आणखी वाढते. पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारे छोटे पंप तर याहून वाईट.

म्हणून हे नियम पाळा.

१. इंजिन विहिरीत उतरवू नका. पाणी खोल गेले असेल, तर विजेची पाणबुडी मोटर वापरा.

२. बंद खोलीत, कोंडलेल्या शेडमध्ये, झोपायच्या जागेजवळ इंजिन किंवा जनरेटर चालवू नका. धुराचे नळकांडे भिंतीबाहेर, माणसाच्या डोक्याच्या वर न्या.

३. विहिरीत माणूस बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उतरू नका. वरून हाका मारा, लोक जमवा, विहिरीत मोकळी हवा सोडण्याची तजवीज करा. अग्निशमन दलाला आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला ताबडतोब बोलवा.

४. ओले फडके तोंडाला बांधून उतरले की काही होत नाही, हा समज खोटा आहे. फडक्याने धूळ अडेल. विषारी वायू अडत नाही.

तुमचा भाऊ खाली पडलेला असताना वर उभे राहणे फार कठीण असते. आम्हाला ते कळते. पण उतरणारा माणूस वाचवत नाही, तो दुसरा बळी होतो.

डिझेलऐवजी दुसरे काही चालते का?

चालते. आणि ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे डिझेल पद्धतीचे एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली. तेव्हा आपल्या देशात पुष्कळ मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीला मागे एक टाकी लावलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा अर्धवट जाळून गॅस काढीत.

पण आज कुणी गोडे तेल थेट ट्रॅक्टरच्या टाकीत ओतू नये. तेल डिझेलहून कितीतरी घट्ट असते. त्याचा फवारा नीट होत नाही. नोझलवर कोळसा धरतो. रिंगा चिकटतात. चार दिवस इंजिन चालेल, पाचव्या दिवशी मिस्त्रीकडे न्यावे लागेल.

तेल पातळ करण्याची एक रीत आहे. तेलात मद्यार्काचा एक प्रकार आणि थोडे क्षार घालून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढतात. उरते ते पातळ इंधन. त्याला बायोडिझेल म्हणतात. करंज, मोगली एरंड यांच्या बियांच्या तेलापासून आणि हॉटेलात तळून उरलेल्या तेलापासून ते करता येते. हे काम घरी करायचे नाही. त्यात लागणारे मद्यार्क विषारी आहे आणि भडकन पेटते.

बायोडिझेलने काजळी कमी होते. का? डिझेलमध्ये प्राणवायू मुळीच नसतो. बायोडिझेलच्या वजनात सुमारे शेकडा ११ भाग प्राणवायू असतो. म्हणजे फवाऱ्याच्या पोटात हवा कमी पडली, तरी इंधन आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेले असते. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने २००२ साली पुष्कळ चाचण्यांचा हिशेब मांडला. डिझेलमध्ये शेकडा २० बायोडिझेल मिसळले, तर धुरातले कण सुमारे शेकडा १० ने कमी झाले. निव्वळ बायोडिझेल वापरले, तर कण जवळजवळ निम्मे झाले. मात्र नायट्रोजनचे त्रासदायक वायू थोडे वाढले. निव्वळ बायोडिझेलने ते सुमारे शेकडा १० ने वाढले. त्या चाचण्या त्या काळच्या इंजिनांवर झाल्या होत्या, हेही ध्यानात ठेवा. एका अंगाने फायदा, दुसऱ्या अंगाने थोडा तोटा, असा हा सौदा आहे.

आपल्या सरकारने २०१८ साली जैवइंधनाचे धोरण ठरवले. २०३० सालापर्यंत डिझेलमध्ये शेकडा ५ बायोडिझेल मिसळावे, असे त्यात म्हटले आहे. स्वस्त म्हणून कुणी ड्रममधून 'बायोडिझेल' विकत असेल, तर सावध राहा. त्या नावाखाली भलतेच तेल मिळाले, तर धूरही वाढतो आणि इंजिनही जाते.

"उसापासून होणारं इथेनॉल चालतं का?" असा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात हमखास निघतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. इथेनॉल हे पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. पण ते डिझेल नव्हे. ते डिझेलसारखे दाबाने सहज पेट घेत नाही. म्हणून साध्या डिझेल इंजिनाच्या टाकीत इथेनॉल ओतू नये.

तिसरा मार्ग गॅसचा. सी. एन. जी. हा गॅस हवेत चांगला मिसळतो, म्हणून काजळी फार थोडी होते. पुण्याच्या कितीतरी बसगाड्या सी. एन. जी. वर चालतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सी. एन. जी. वर चालणारा ट्रॅक्टरही लोकांपुढे आला. पण गॅसचा पंप जवळ नसेल, तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही.

चौथा मार्ग उन्हाचा. सोलापूरकडे पावसाची उणीव, पण उन्हाची नाही. सौर पंपाला डिझेल लागत नाही, धूर नाही, रात्रीची वीज धरायला शेतात जावे लागत नाही. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषीपंप' ही योजना काढली. पंपापुरते पाहिले, तर धूर पुरता घालवणारा हाच उपाय आहे. मात्र ढग आले की पंप मंदावतो, हे धरून पाण्याचे नियोजन करावे.

इंजिनही सुधारले

इंधन बदलले नाही तरी इंजिन सुधारून धूर कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना 'बी. एस. सहा' हा नियम लागू झाला. डिझेलमधले गंधक दहा लाखांत ५० भाग होते, ते १० भागांवर आणले. डिझेल मोटारीने एका किलोमीटरला किती कण सोडावेत, त्याची हद्द ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून कमी. हे साधण्यासाठी धुराच्या नळकांड्यात मातीच्या भाजीव जाळीची गाळणी बसवतात. काजळी तिच्यात अडकते आणि गाळणी खूप तापली की जळून जाते. १९६६ साली निघालेली पुण्याची ए. आर. ए. आय. ही संस्था मोटारींची अशी तपासणी करते.

काही लोक गाडीला ओढ कमी मिळते म्हणून ही गाळणी काढून टाकतात. तसे करू नका. गाडी आपली असली, तरी हवा सगळ्या गावाची आहे.

काही नव्या मालमोटारींत डी. ई. एफ. नावाचे युरियाचे पाणी वेगळ्या टाकीत घालतात. ते काजळीसाठी नव्हे, नायट्रोजनच्या वायूंसाठी असते. शेतातला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत घालू नका. तो शुद्ध नसतो. महागडे यंत्र बिघडेल.

आपण काय करावे?

१. एअर क्लीनर वेळेवर साफ करा. नांगरणीच्या आणि मळणीच्या धुळीत तो रोज पाहा.

२. नोझल आणि पंप जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

३. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका.

४. ताकदीबाहेर ओझे लादू नका.

५. गाडी उभी असताना इंजिन बंद करा. शाळेसमोर आणि दवाखान्यासमोर तर नक्कीच.

६. गिरणीचे, रसवंतीचे नळकांडे उंच करा. त्याचे तोंड रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे.

७. पापड, कुरडया, मिरच्या, हळद रस्त्याच्या कडेला वाळत घालू नका. काजळी त्यांवरही बसते.

८. धुरात बराच वेळ काम असेल, तर एन-९५ जातीची मुखपट्टी वापरा. साध्या उपरण्याने बारीक कण अडत नाहीत.

९. उसाचे पाचट जाळू नका. कुजवले तर खत होते.

करून पाहा

दोन पांढऱ्या बशा घ्या. दोहोंना आतून तेलाचा पातळ हात द्या. एक बशी रहदारीच्या रस्त्याकडच्या ओट्यावर ठेवा. दुसरी शेतात, रस्त्यापासून लांब, झाडाच्या फांदीला बांधा. चार दिवसांनी दोन्ही बशा शेजारी ठेवून पाहा. बोट फिरवा. माती असेल तर खरखर लागेल आणि रंग तांबूस दिसेल. काजळी असेल तर खरखर लागणार नाही आणि बोट काळे होईल. कोणती बशी अधिक काळी, ते वहीत लिहून ठेवा.

शब्दांचे अर्थ

काजळी – न जळलेल्या कोळशाची बारीक भुकटी.
मायक्रॉन – मिलिमीटरचा हजारावा भाग.
नोझल – डिझेलचा फवारा सोडणारा भाग.
दट्ट्या – पिस्टन.
वंगण – यंत्राचे भाग झिजू नयेत म्हणून घालायचे तेल.
मद्यार्क – अल्कोहोल.

प्रश्न

१. कंदिलाची काच काळी का होते? इंजिनाचा काळा धूर आणि ती काजळी यांत सारखे काय आहे?
२. शेतातल्या जाड धुळीपेक्षा बारीक काजळी अधिक वाईट का?
३. निळसर धूर दिसला तर काय समजावे?
४. बायोडिझेलने काजळी कमी का होते? त्याचा तोटा कोणता?
५. विहिरीत माणूस बेशुद्ध पडला, तर काय करावे आणि काय करू नये? उत्तर पाठ करा आणि शेजारच्या दोन घरांत सांगा.